उत्तरांची कॅसेट

लालबागमध्ये परीक्षा आणि मिरच्या एकाच वेळी येतात. फेब्रुवारी सरत आला की मसाल्याच्या गल्लीत लाल ढीग लागतात, कांडपाची धडधड सकाळपासून सुरू होते आणि नाक्यावरच्या दुकानात चिमट्याची पॅडं दोरीला लटकू लागतात. दहावीची मुलं शिंकत शिंकत अभ्यास करतात. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, इथे कसली तरी साथ आलीय. आम्हाला मात्र ती पहिली शिंक आली की कळतं, आता महिनाभर घरी पाहुणे बोलवायचे नाहीत आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा नाही.

परवा त्या गल्लीतून ऑफिसला जाताना मला अशीच एक सणसणीत शिंक आली आणि पाठोपाठ हात पिशवीत हॉलतिकीट शोधू लागला. साठी जवळ आली, केस पांढरे झाले, पण आपण पास झालो ही बातमी हातापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

ऑफिस म्हणजे आमची कंपनी. उभा जन्म शाळेत शास्त्र शिकवलं आणि निवृत्ती दिसायला लागल्यावर, माणसं नातवंडं सांभाळायला घेतात तशी मी कंपनी काढली. जोडीला निखिल, माझाच जुना विद्यार्थी. तो कॉम्प्युटरचं बघतो, मी धड्यांचं. मोबाईलवर शास्त्र शिकवायचं, तेही अशा मुलांना ज्यांच्या घरात अभ्यासाला वेगळी खोली तर सोडाच, वेगळा कोपराही नाही. आमच्या कार्डावर दोघांच्याही नावाखाली ‘संस्थापक’ असं छापलंय. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कसंसंच झालं. आमच्याकडे संस्थापक म्हणजे मंडळाच्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो. जिवंतपणी संस्थापक झालेली मी आमच्या चाळीतली पहिलीच, असं मी गमतीने म्हणायचे. पण ते खरं नाही. पहिला मान काकांचा.

आमचं ऑफिस परळला, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आहे. बाबा आणि काका ज्या गिरणीत होते ती ही नव्हे, तिच्या शेजारची. योगायोग जुळवायला मी काही गेले नव्हते, भाडं परवडलं ते इथे. खिडकीतून एक चिमणी दिसते, धूर नसलेली, पाडायची राहून गेलेली. निखिल तिच्याकडे पाठ करून बसतो, कारण उजेड स्क्रीनवर येतो.

तर त्या दिवशी निखिल म्हणाला, “मॅडम, धड्यातल्या रिकाम्या जागा काढूया ना. स्क्रीनवर काही हललं नाही की मुलं बोटाने पुढे सरकवतात.”

“सरकवू देत. परत येतील.”

“नाही येत. दुसऱ्यांच्या अ‍ॅपवर जातात. तिकडे मिनिटाला फटाके फुटतात.”

त्याचं चुकत नव्हतं. कंपनी चालवायची तर फटाकेवाल्यांशी गाठ आहे. पण आमच्या धड्यांत मी मुद्दाम थांबे ठेवले होते. आधी उत्तर सांगायचं आणि मग गप्प बसायचं. प्रश्न मुलांनी शोधायचा. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ते आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी, चुकून सापडलेलं आहे. मी निखिलला म्हटलं, “दोन दिवस थांब. काका मुंबईत आलेत, त्यांना घेऊन येते.” त्याला वाटलं, मी कुणी सल्लागार आणतेय. तसंच समज म्हटलं.

त्या वर्षी गिरण्यांचे भोंगे बंद होते. लहानपणापासून भोंग्यावर उठलेली आम्ही मुलं, तो वाजेनासा झाल्यावर उलट लवकर जागी व्हायला लागलो. कान वाट बघत राहायचे. बाबा पहाटे उठून डबा न घेता नाक्यापर्यंत जाऊन यायचे. घरात आई पापड लाटायची, मी शाळेतून आले की लाट्या करायची. आमचा दिनू, शेजारच्या खोलीतला, माझ्याच वर्गात, सकाळी वडिलांबरोबर दादरला भाजी विकायला बसायचा. प्रत्येक घराने असं काही ना काही धरलं होतं. ज्यांना काहीच धरता आलं नाही त्यांनी गावची वाट धरली होती. दर आठवड्याला एखाद्या खोलीला कुलूप दिसायचं आणि गॅलरीतली एक दोरी कपड्यांवाचून रिकामी.

आमचाही निर्णय झाला होता. बाबांनी एका रात्री जेवताना सांगून टाकलं. शाळा संपली की सगळ्यांनी गावी जायचं, सावंतवाडीकडे. तेव्हा मालतीताई मधे पडल्या. मालतीताई दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहायच्या, परळच्या एका शाळेत शास्त्र शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं. त्या वर येऊन बाबांना म्हणाल्या, “सुमी दहावी पास झाली तर माझ्याकडे राहील. कॉलेज करील. माझ्या आईलाही सोबत होईल.”

बाबांनी पायाचा अंगठा चोळला. मग म्हणाले, “पास झाली तर ऱ्हवात. नाय तर माझ्यावांगडा गावाक.”

झालं. माझं सगळं त्या ‘तर’वर येऊन बसलं. गाव मला आवडायचं, मे महिन्यात तर फारच, पण मे महिन्यात आवडणारं गाव आणि बाराही महिने चूल फुंकायला लावणारं गाव ही दोन वेगळी गावं असतात, हे मला पंधराव्या वर्षीही पुरतं ठाऊक होतं. मला शिकायचं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आमच्यात असं बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

पद्धत दुसरी होती, ती आता सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. बाबा आणि काका दोघेही साचेखात्यातले. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असले की तिथे शेजारच्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता बोलायची. ओठ नीट, मोठे, सावकाश हलवायचे, जोडीला भुवया आणि हाताची बोटं. भूक लागली, धागा तुटला, मुकादम आला, मुलगी झाली, सगळं सगळं ओठांवर. घरी आल्यावरही ती सवय सुटायची नाही आणि बायकापोरांना ती भाषा आपोआप यायची. पलीकडच्या गॅलरीतल्या बाईशी आई तासन् तास बोलायची आणि आवाज यायचा तो फक्त हसण्याचा.

परीक्षेच्या दिवसांत आख्खी चाळ या भाषेवर यायची. कुणी फतवा काढायचा नाही, पण मिरच्यांचा वास सुटला की गॅलरीतली मोठी माणसं ओठांनी बोलू लागायची, पोरांच्या अभ्यासात आवाज नको म्हणून. त्या वर्षी साचे मुके झाले होते आणि साचेखात्याची भाषा मात्र घराघरात चालू होती. वरच्या मजल्यावरून खाली बघितलं तर माणसं भांडताना दिसायची, अगदी हातवारे करून, आणि कबुतरांखेरीज कसला आवाज नाही. जगात दुसरीकडे कुठे एवढं शांत भांडण होत असेल असं मला वाटत नाही.

मालतीताई फुकट शिकवायला तयार होत्या, पण आम्ही मुलं एका वेळी जमायचो कुठे? दिनू दादरला, मी पापडांवर, कुणी दुधाच्या लायनीत. ताई मोकळ्या व्हायच्या तेव्हा आम्ही अडकलेलो, आम्ही सुटायचो तेव्हा त्यांची शाळा. यावर तोडगा काढला काकांनी. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तेव्हा तिशीचे, आमच्यातच राहायचे. संप नसता तर त्यांचं त्या वर्षी लग्न झालं असतं. भजन मंडळात मृदंग वाजवायचे. मंडळाकडे एक टेपरेकॉर्डर होता, डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या चढाओढीच्या, सामन्याआधी आपलंच भजन ऐकून चुका काढायला घेतलेला. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, “बुवाची भजनां कॅसेटीत ऱ्हवतत, मगे ताईंचे धडे कित्याक ऱ्हवाचे नाय?”

मंडळाच्या बुवांनी थोडे आढेवेढे घेतले आणि एक जुनी कॅसेट दिली. ती भजनाने भरलेली होती, त्याच्यावरच धडा भरायचा. पाठीवरचं भोक उघडं असलं की जुनं पुसून नवं भरता येत नाही, म्हणून काकांनी त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि कंपनी सुरू झाली. आता कुणी मला विचारलं की भांडवल काय लागतं, तर मला तो बोळा आठवतो.

पहिलं रेकॉर्डिंग एका दुपारी आमच्या खोलीत झालं. आम्ही मुलं शाळेत होतो. ताईंना सुट्टी होती. ठरलं असं होतं की काकांनी पुस्तकातला एकेक प्रश्न विचारायचा आणि ताईंनी उत्तर द्यायचं. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. एक बाजू जवळजवळ भरून झाली, तिघंही खूश.

संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण गोल करून बसलो. काकांनी कळ दाबली. घरघर झाली. मग काहीच नाही. दूर कांडपाची धडधड, एक कबूतर, आईची शिंक. मग ताईंचा स्पष्ट आवाज: “कारण बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो.” पुन्हा शांतता. मग ताई: “तांबडा.” पुन्हा शांतता.

आम्ही काकांकडे बघितलं. काका मशीनकडे. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा आईची शिंक, पुन्हा बर्फ. काकांनी सगळे प्रश्न विचारले होते, अगदी नीट, मन लावून, साचेखात्यात विचारावेत तसे. फक्त ओठांनी. परीक्षेचे दिवस, दुपारची वेळ, शेजारी मुलं वाचत असतील, म्हणून सवयीने. आणि समोर ताईही चाळीतच वाढलेल्या. त्यांना प्रत्येक प्रश्न कळला. आईलाही कळला. आवाज नाहीये हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आई तर मानेना. “अरे, मी आयकलंय मां सगळां,” ती म्हणाली, “मशीनाक कसां आयकाक येवक नाय?”

काका कपाळावर हात मारून म्हणाले, “ह्यां मशीन आपल्यातलां न्हय, वयनी.”

ताई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. उद्या पुन्हा भरू, म्हणाल्या. पण तोवर दिनूने कॅसेट पुढे चालू केली होती. “तांबडा” आलं की तो ओरडायचा, “गावाला जाणाऱ्या एसटीचा रंग कोणता? तांबडा! पुढचा!” मी म्हटलं, गप, लिटमसचा प्रश्न असणार, आम्लात निळा लिटमस कोणत्या रंगाचा होतो. तिसरा म्हणाला, इंद्रधनुष्यातला एका कडेचा रंग. वाद जुंपला. पुस्तकं उघडली. एका ‘तांबडा’साठी आम्ही तीन धडे चाळले. त्या आधी आणि नंतर कधी आम्ही पुस्तकांवर इतके तुटून पडलो नव्हतो. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या, हसायच्या थांबल्या होत्या. मग काकांना हळूच म्हणाल्या, “भाऊ, पुढच्या वेळीही तुम्ही असेच गप्प बोला.”

मग दुसऱ्या बाजूवर नवनवे धडे चढत गेले आणि पेपर सुरू होईपर्यंत कॅसेट या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. टेपरेकॉर्डर फडक्यात गुंडाळून काका स्वतः पोचवायचे, मांजराचं पिल्लू न्यावं तसा, छातीशी धरून. बाजार उठल्यावर दिनू ऐकायचा, मी लाट्या करताना ऐकायची. पीठ लागलेल्या कोपराने कळ दाबायची कलाही मला अवगत झाली. काका प्रत्येक रेकॉर्डिंगला हजर. ताईंना उत्तर द्यायला समोर विचारणारं माणूस लागायचं आणि काकांना, मला आज वाटतं, कुठेतरी वेळेवर पोचायला लागायचं. त्या दिवसांत ते दाढी रोज करायचे. हाताला काम नसलेल्या चाळीत तेवढ्या एकट्या माणसाचं घड्याळ चालू होतं.

कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटाला एक गंमत होती. सगळी उत्तरं संपल्यावर एक मोठा थांबा यायचा, इतर थांब्यांच्या दुप्पट तरी असेल. मग ताई म्हणायच्या, “होईल. न व्हायला काय झालं? फक्त घाई करायची नाही.” आणि लगेच, कॅसेट तिथवरच भरलेली असल्यामुळे, खालचं भजन उसळून वर यायचं, ऐन गजरातलं, टाळ-मृदंगासकट. आम्ही दचकायचो आणि मग हसायचो. पण त्या उत्तराचा प्रश्न काही सापडेना. दिनू म्हणायचा, जस्त आम्लात टाकलं तर अभिक्रिया होईल का. मी म्हणायची, मग घाई कसली? मिठाचं संपृक्त द्रावण होईल का, असं मी ठरवलं, कारण ते सावकाशच करावं लागतं. पुस्तक शेवटपर्यंत पालथं घातलं. तसा प्रश्न कुठल्याच धड्याखाली नव्हता. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “शोधा.” मग परीक्षाच आली आणि ते राहून गेलं.

शास्त्राचा पेपर दादरला होता. कागद हातात आला, मी प्रश्न वाचू लागले, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. नुसत्या आवाजावरून ओळखीची असलेली माणसं समोर येऊन उभी राहावीत तसं. अच्छा, तू होय तो, असं प्रत्येक प्रश्नाला म्हणत मी लिहीत गेले. बाहेर आले तर फाटकापाशी काका उभे. ऊन डोक्यावर, हातात उन्हावर उतारा म्हणून लिंबू. रस्त्यावर बसगाड्यांचा एवढा आवाज की त्यांनी लांबूनच ओठांनी विचारलं, कसा गेला? मी ओठांनीच सांगितलं, ओळखीचा.

निकाल लागला तोवर घराची बांधाबांध झाली होती. भांडी पोत्यात, ट्रंकेला दोरी, वळकट्या एकावर एक. दोन्हीची तयारी, म्हणजे खरं तर एकाचीच. मी शाळेतून निकाल घेऊन चाळीच्या दारात आले आणि वर बघितलं. तिन्ही गॅलऱ्यांच्या कठड्यांवर माणसं. कुणी हाक मारली नाही. काकांचे ओठ हलले: काय झालां? मला धाप लागली होती, आवाज फुटलाच नसता. मी ओठांनी म्हटलं, पास. पहिल्या मजल्याने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि मी जिना चढायच्या आत सगळ्या चाळीला कळलं होतं. आवाज एकच झाला, आईच्या हातून पातेलं पडल्याचा. वर गेले तर बाबा खाली वाकून काहीतरी करत होते. त्यांनी वळकट्यांच्या चळतीतून माझी वळकटी ओढून काढली, दोरी सोडली आणि भिंतीशी वेगळी ठेवली. मला बघून म्हणाले, “ताईकडे उशी आसा मां?” मग मी रडले, मनसोक्त. आनंदानेच रडत होते.

ते सगळे गावी गेले. काका गेले, त्यांचं लग्न झालं, काजूची कलमं लावली. मी दुसऱ्या मजल्यावर राहिले, शिकले, शिकवलं. मालतीताई आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते, तेवढं मला मिळालं. ती कॅसेट बुवांनी परत नेली आणि वर पुन्हा भजन भरलं. त्यांचीच होती, तक्रार कसली? सगळं जमेला धरलं तर माझं बरं झालं. असं लिहायला माणसं लाजतात, मी लाजत नाही.

काका यंदा डोळ्याच्या ऑपरेशनला परळला आले. ते झाल्यावर काळा चष्मा लावून ते ऑफिसात आले. निखिलने त्यांना मीटिंगच्या काचेच्या खोलीत मानाने बसवलं, कॉफी दिली आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आमचा धडा लावला. “बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो,” पडद्यावरची मुलगी म्हणाली आणि गप्प झाली. निखिल माझ्याकडे बघत होता, बघा, किती लांबतंय, असा चेहरा करून. आणि काकांचे ओठ हलायला लागले. सावकाश, मोठे, साचेखात्यातले. बर्फ पाण्यावर का तरंगतो? ते प्रत्येक रिकाम्या जागेत आपला प्रश्न ठेवत गेले, एकही न चुकता, जणू मधली सगळी वर्षं कुणी रेकॉर्डिंग थांबवलंच नव्हतं. निखिलने धडा बंद केला नाही. पुढे खुर्ची ओढून बसला.

धडा संपला तेव्हा मी काकांना म्हटलं, “काका, कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटी ताई म्हणायच्या ते आठवतं? ‘होईल. न व्हायला काय झालं?’ त्याचा प्रश्न आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. पुस्तकात नव्हताच.”

काकांनी चष्मा काढला. डोळ्याला पाणी येत होतं, ऑपरेशनचं असेल. “मशीन चालू आसा ह्यां मी इसारलंय तेव्हा,” ते म्हणाले. मग दाराकडे एकदा बघून घेतलं, जणू शेजारी मुलं अभ्यास करत होती, आणि आवाज न काढता विचारलं:

सुमी पास होतली मां?

“मॅडम,” निखिल म्हणाला, “काकांचा आवाज नाही आला.”

“मला आला,” मी म्हटलं.